पहिल्या बोटीचं सुकाणू

मुंगी: बोटीची ती बाजू तू मघाशीच पुसलीस. फडकं ठेव आणि माझ्याकडे बघून सांग.

दादा: शेवाळ चिकटलंय गं.

मुंगी: शेवाळ नाही, रंग आहे तो. काढू नकोस. दादा, पुढच्या हंगामात पहिल्या बोटीच्या सुकाणूवर कोण बसणार?

दादा: हा काय प्रश्न झाला? ते क्लबचा कॅप्टन ठरवतो.

मुंगी: आणि कॅप्टन कोण होणार?

दादा: आता मीच. दुसरं कोणी उभंच नाही.

मुंगी: मग तू काय ठरवलंस?

दादा: बघ, कसं असतं, मुंगे, निवडणूक व्हायच्या आधी काही ठरवणं बरं दिसत नाही.

मुंगी: दुसऱ्या बोटीतला लांब्या मला सकाळी म्हणाला, "एवढा हंगाम जपून धर सुकाणू, शेवटचाच तुझा." मला वाटलं मला काहीतरी आजार झालाय आणि घरच्यांनी माझ्यापासून लपवून ठेवलाय.

दादा: त्या लांब्याच्या पोटात काही म्हणून राहत नाही.

मुंगी: म्हणजे पोटात ठेवण्यासारखं काहीतरी आहे.

दादा: बादली दे इकडे.

मुंगी: घे. कोणाला दिलीस माझी जागा?

दादा: दिली नाही. बोलणं झालंय.

मुंगी: कोणाशी?

दादा: दुसऱ्या बोटीशी.

मुंगी: अख्ख्या बोटीशी?

दादा: त्यांची मतं एकगठ्ठा पडतात. तेव्हा आपल्या बोटीतला तो तीन नंबरच्या वल्ह्यावरचा माझ्याविरुद्ध उभा राहणार होता. पहिल्या बोटीत अर्धे त्याचे, अर्धे माझे. मग दुसऱ्या बोटीची पोरं आली, म्हणाली, आमच्या पिसूला तुमच्या बोटीच्या सुकाणूवर कॉक्स म्हणून घ्या, आमची सगळी मतं तुमची. मी म्हटलं, बघू.

मुंगी: "बघू" म्हणालास की "घेतो" म्हणालास?

दादा: "बघू, घेतो" म्हणालो.

मुंगी: आणि तीन नंबरनं तर माघार घेतली.

दादा: दोन दिवसांनी घेतली. त्याला गुडघ्याचं काहीतरी निघालं.

मुंगी: म्हणजे तू मला विकलंस आणि विकायची गरजही नव्हती.

दादा: विकलंस काय! काहीही बोलतेस. शब्द दिला होता. दिलेला शब्द मागे घेतला तर उद्या माझ्यावर कोण विश्वास ठेवेल?

मुंगी: बरोबर आहे. तुझ्या शब्दाला किंमत राहिली पाहिजे. मी काय, फुकटात गेले तरी चालेल.

दादा: तुला बोटीबाहेर कोण काढतंय? दुसऱ्या बोटीचं सुकाणू रिकामं होतंय की. तिथे तू राणी.

मुंगी: दादा, या बोटीत आठ जण वल्ही मारतात. आठही जणांची पाठ पुढे, तोंड मागे. आठ नंबरला तू बसतोस, म्हणून तुझ्या एकट्याचं तोंड सरळ माझ्यासमोर येतं. बाकीच्यांना एकमेकांच्या पाठी दिसतात, मला तू दिसतोस. रोज सकाळी माझ्या गुडघ्याला तुझे गुडघे लागतात. एवढ्या सगळ्या सकाळी तुला एकदाही वाटलं नाही की हिला सांगावं?

दादा: वल्हवताना बोलायचं नाही, असं तूच बजावलंयस.

मुंगी: हो. चुकलंच माझं.

दादा: आता रडू नकोस.

मुंगी: कोण रडतंय? तू फडकं पिळलंस ते माझ्या तोंडावर उडालं.

दादा: मुंगे, जरा घरचाही विचार कर ना. बाबांनी बैठकीच्या भिंतीत खिळा ठोकून ठेवलाय. माझा कॅप्टनचा फोटो लावायला. निवडणूक व्हायच्या आधी!

मुंगी: ठाऊक आहे. स्टूल मी धरलं होतं.

दादा: ते स्वतः एका मतानं पडले होते. एका! आयुष्यभर सलतंय त्यांना.

मुंगी: स्वतःचं मत त्यांनी समोरच्याला दिलं होतं. सभ्यपणा म्हणून. एका मतानं नाही पडले ते, शहाणपणानं पडले.

दादा: बापाबद्दल असं बोलू नये.

मुंगी: त्यांच्या तोंडावरही बोलते मी. ते हसतात. बरं, मी उभी राहते.

दादा: राहा की. बसून पाय आखडले असतील.

मुंगी: निवडणुकीला.

दादा: काय?

मुंगी: कॅप्टनच्या निवडणुकीला उभी राहते. तुझ्याविरुद्ध.

दादा: कॉक्स कधी कॅप्टन होतो का?

मुंगी: तसा नियम आहे?

दादा: नियम कशाला लागतो? आजवर कोणी झालं नाही. कॅप्टन वल्हं मारणारा असतो. खांदे असावे लागतात.

मुंगी: कॅप्टननं करायचं काय असतं? कोण कुठे बसणार ते ठरवायचं आणि सकाळी सगळ्यांना वेळेवर आणायचं. यात खांदा कुठे लागतो ते दाखव.

दादा: बघ, कसं असतं, एका घरातले दोघं एकमेकांविरुद्ध उभे राहिले तर लोक हसतील.

मुंगी: हसू देत. खिळा एकच आहे, त्यावर कोणाचाही फोटो बसेल.

दादा: बाबांना काय सांगणार आहेस?

मुंगी: मी कशाला सांगू? जागा तू विकलीस, तूच सांग.

*

पिसू: ताई, मी जाऊ का? मला ती दोरी सुकत घालायचीय.

मुंगी: दोरी ओली राहिली तर कुजत नाही लगेच. बस इथे धक्क्यावर. पिसू म्हणतात ना तुला?

पिसू: हो. मला आवडत नाही, पण म्हणतात.

मुंगी: मला मुंगी म्हणतात. आपल्या क्लबात कॉक्सला माणसाचं नाव मिळत नाही. हे बघ, तुला पहिल्या बोटीवर घ्यायचं ठरलंय, हे तुला कोणी सांगितलं?

पिसू: दादांनी. तुमच्या दादांनी. म्हणाले, तयार राहा.

मुंगी: का घेतायत, ते सांगितलं?

पिसू: नाही. मला वाटलं, मी चांगला आहे म्हणून.

मुंगी: अच्छा.

पिसू: तसं नाहीये का?

मुंगी: तुझ्या बोटीतल्या पोरांनी दादाशी सौदा केला. तुला वर घ्यायचं, बदल्यात त्यांची मतं दादाला.

पिसू: त्यांनी माझ्यासाठी केलं?

मुंगी: मलाही तेच कोडं आहे. त्या लांब्याला मी ओळखते. तो स्वतःच्या बहिणीला छत्री देत नाही. तुझ्यासाठी तो मत कशाला देईल?

पिसू: ताई, एक सांगू का? त्यांना मी नकोय.

मुंगी: का?

पिसू: मी त्यांना उठवतो. सकाळी कोणी आलं नाही तर मी खोलीवर जाऊन दार वाजवतो. उघडेपर्यंत वाजवतो. एकदा लांब्यानं आतून बूट मारला दारावर. मी म्हटलं, एक बूट घेतलाच आहेस हातात, तर दुसरा पायात घालून चल.

मुंगी: आणि आला?

पिसू: आला. पण दिवसभर बोलला नाही.

मुंगी: म्हणजे त्यांनी तुझ्यापासून सुटका करून घेतली. तुला माझ्या जागेवर ढकललं, म्हणजे त्यांना सकाळी झोपता येईल.

पिसू: हो. असंच असणार. मी घरी सांगितलं होतं पण. आई सगळ्यांना सांगत सुटलीय की ह्याला वरच्या बोटीत घेतलं.

मुंगी: सांगू दे. तिनं कुठे खोटं सांगितलं?

पिसू: ताई, तुम्ही माझ्यावर चिडलाय का?

मुंगी: नाही. चिडायला आले होते, पण तू चिडण्यासारखा निघाला नाहीस. फार पंचाईत केलीस.

पिसू: सॉरी.

मुंगी: सॉरी म्हणू नकोस. सुकाणूवर बसणाऱ्यानं सॉरी म्हणायचं नाही. बोट खांबावर आदळली तरी म्हणायचं नाही. आधी मागे घ्या म्हणायचं.

पिसू: बरं. ताई, उद्या बोट डोक्यावर धरून भाषण करतात म्हणे. खरंच तसं असतं?

मुंगी: तुला कोणी सांगितलं नाही? बरोबर, तू यंदाच आलास. उमेदवार बोलतो तेव्हा पहिल्या बोटीच्या आठ जणांनी बोट हात वर करून डोक्यावर धरायची. बोट खाली आली की भाषण संपलं. ज्यानं हा क्लब काढला त्याला लांबलचक भाषणांचा वैताग होता.

पिसू: मग भाषणं लहान होत असतील.

मुंगी: कुठली? धरणाऱ्यांपैकी कोणीही "खांद्यावर" म्हणावं, बोट खाली घ्यावी, अशी रीत आहे. पण म्हणतो कोण? जो पहिल्यांदा म्हणेल तो दमला, असं होतं ना! आठ धट्टेकट्टे गडी, एकाच्याही तोंडून शब्द निघत नाही. गेल्या खेपेला पाच नंबरचा खांदा निखळला. तो हसत उभा राहिला.

पिसू: का?

मुंगी: पुरुष आहे तो.

पिसू: पण आठ जणांत तुमचे दादाही आहेत. ते बोलायला गेले तर त्यांची जागा कोण धरणार?

मुंगी: समोरचा उमेदवार धरतो.

पिसू: म्हणजे तुम्ही.

मुंगी: म्हणजे मी.

पिसू: तुमचा हात पोचणार नाही, ताई.

मुंगी: ते मला दिसतंय, पिसू.

*

(बोटघर. पहिली बोट सात जणांच्या हातांवर, डोक्याच्या वर. आठव्या जागी मुंगी उभी आहे. तिनेही हात वर केलेत; बोट तिच्या बोटांच्या बरीच वर आहे. दुसऱ्या बोटीची पोरं आणि पिसू भिंतीला टेकून उभे. क्लबचे वल्हवणं शिकवणारे मास्तर दारात.)

दादा: मित्रांनो. मास्तर. मी आज इथे कॅप्टन म्हणून, म्हणजे कॅप्टन होण्यासाठी म्हणून, उभा आहे. सात नंबर, हसू नकोस. बघा, कसं असतं, क्लब म्हणजे काय? क्लब म्हणजे एक कुटुंब.

मुंगी: त्याचा पाय सरकतोय.

दादा: काय?

मुंगी: सात नंबरचा पाय सरकतोय. तुझ्या वाटचं वजन त्याच्यावर आलंय. चालू दे तुझं.

दादा: उमेदवारानं मध्ये बोलायचं नसतं. तर क्लब म्हणजे कुटुंब. कुटुंबात सगळे सारखे नसतात. कोणी मोठा असतो, कोणी धाकटा. धाकट्यानं मोठ्याचं ऐकायचं, मोठ्यानं धाकट्याला सांभाळून घ्यायचं. हे आपल्या क्लबात आजवर चालत आलं. आता काही लोकांना ते नकोय. मी नाव घेणार नाही.

मुंगी: घे की. आडनावही तेच आहे.

दादा: मास्तर, हिला सांगा ना.

मुंगी: बरं, गप्प राहते. हात वर ठेवलेत, बघ.

दादा: मित्रांनो, मी वचनं द्यायला उभा नाही. मी आभार मानायला उभा आहे. पहिल्यांदा मी मास्तरांचे आभार मानतो. मग सुताराचे, त्यांनी आपली बोट दोनदा सांधली. मग सगळ्या जुन्या कॅप्टनांचे. त्यातले काही आज नाहीत. जे आहेत ते आले नाहीत. आणि मग मला माझ्या वडिलांबद्दल दोन शब्द बोलायचेत. माझे वडील याच बोटघरात, याच ठिकाणी, एका मतानं...

मुंगी: खांद्यावर!

दादा: अरे! अरे, खाली काय घेता? माझं चाललंय! मुंगे!

मुंगी: हळू. एका वेळी सगळे. सात नंबर, हात सोडून झटक. तीन, गुडघा बघ.

दादा: मास्तर, हे चालणार नाही. ही उमेदवार आहे. समोरच्या उमेदवारानं भाषण बंद पाडायचं?

मुंगी: मी धरणाऱ्यांपैकी आहे. धरणाऱ्यानं म्हणायचं असतं.

दादा: तू धरली कुठे होतीस? तुझा हात बोटीला लागलासुद्धा नव्हता! बोट खांद्यावर आली तरी तुझ्या डोक्याच्या वरच आहे!

मुंगी: माझा हात पोचत नाही. माझा आवाज पोचतो. इतकी वर्षं ह्यांना बोट कधी उचलायची, कधी ठेवायची हे मीच सांगते. ते ऐकणारच.

दादा: मास्तर काय म्हणतायत? काय? बोट खाली आली, भाषण संपलं? बरं. छान. लिहून ठेवा, माझं भाषण आभारांवर संपलं. आता ही बोलणार. मी धरतो. मीसुद्धा बघतो किती वेळ धरता येतं.

मुंगी: सगळे तयार? डोक्यावर. धरा. ऐका. मी कॅप्टन झाले तर कोणाची जागा शब्द देऊन ठरणार नाही. दोन्ही बोटींमधली प्रत्येक जागा चाचणी घेऊन ठरेल. माझी पण. खांद्यावर. आता लाकडी घोड्यांवर ठेवा, सावकाश.

दादा: संपलं?

मुंगी: संपलं.

दादा: एवढंच?

मुंगी: बोट जड आहे. आता मतं. जे माझ्याकडचे, त्यांनी बोटीच्या उजव्या अंगाला उभं राहायचं. दादाचे डावीकडे. उगाच मध्ये घुटमळू नका.

दादा: लांब्या. लांब्या, अरे तू तिकडे कुठे? आपलं काय ठरलं होतं? सगळेच? दुसरी बोट सगळीच्या सगळी? सात नंबर, तू माझ्या पाठीमागे बसतोस रोज! हां. म्हणजे वजन पडलं म्हणून गेलास तू. हे काय मत झालं? हे खांद्याचं दुखणं झालं.

मुंगी: तुझ्याकडे कोण कोण आहे?

दादा: दोन नंबर आहे. तो माझ्या खोलीत राहतो. आणि हा.

मुंगी: पिसू?

पिसू: ताई, सॉरी. म्हणजे, सॉरी नाही.

मुंगी: तू दादाला मत दिलंस? मी तुला सगळं सांगितल्यावर?

पिसू: तुम्ही निवडून आलात तर मला चाचणी द्यावी लागेल. मला भीती वाटते.

*

दादा: दार लावून घे. मास्तर बाहेर आहेत. चाचणीतून निवडलेल्यांची नावं तू वाचायच्या आधी मला दोन मिनिटं बोलायचंय.

मुंगी: बोल. पण वल्ही पुसत पुसत बोल. पोरं धक्क्यावर ताटकळलीयत.

दादा: ते लांब्याचं बघितलंस ना? चाचणी म्हटल्यावर त्या सगळ्यांना वाटलं, आपणच पहिल्या बोटीत जाणार. म्हणून तुला मतं दिली. आता एकही जण वर आला नाही. तोंडं बघ त्यांची.

मुंगी: दुसऱ्या बोटीतल्या प्रत्येकाला वाटतंच की आपण पहिल्या बोटीचे. ते चुकीचं नाही. वेळ लावून बघितलं की कळतं.

दादा: वेळ लावून बघितलं की बरंच काही कळतं.

मुंगी: सरळ बोल.

दादा: मास्तरांनी घड्याळ दाखवलं मला. पिसूचं आणि तुझं. पुलाखालून वळणाचा रस्ता, तोच आठ जणांचा ताफा, तेच वारं. त्यानं तुझ्यापेक्षा लवकर आणली.

मुंगी: बरीच लवकर आणली. वळणावर मी बोट लांबून घेतली. त्यानं खांबाच्या इतक्या जवळून काढली की मी काठावर उठून उभी राहिले. आणि तो ओरडतही नाही. हळू बोलतो, म्हणून सगळ्यांना कान देऊन ऐकावं लागतं. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नाही.

दादा: तो रस्ता निवडला कोणी?

मुंगी: मी. मला सगळ्यात चांगला येतो म्हणून निवडला.

दादा: आणि "माझी पण" कशाला म्हणालीस भाषणात? कोणी विचारलं होतं? "प्रत्येक जागा" म्हटल्यावर लोकांनी वल्ह्यांच्याच जागा धरल्या असत्या.

मुंगी: वाक्य तोकडं वाटलं.

दादा: तोकडं वाटलं?

मुंगी: बोट डोक्यावर, सगळे माझ्याकडे बघतायत, आणि बोलायला आणखी काही नव्हतं. तोंडातून निघालं.

दादा: धन्य आहे आपलं खानदान. बाबा मत देऊन बसले, तू जागा.

मुंगी: दादा, एक विचारू? खरं सांगशील?

दादा: विचार.

मुंगी: माझ्या वेळी जोर कमी लावलास?

दादा: आईची शपथ, नाही.

मुंगी: मग पिसूच्या वेळी जास्त लावलास?

दादा: तसं नाही गं. तू समोर असलीस की मी तुझ्याकडे बघतो. तुझी भुवई वर गेली की मला कळतं, आता ही बोलणार. मग मी मनातल्या मनात उत्तर देतो. तू परत काहीतरी बोलतेस, मी परत उत्तर देतो. भांडण चालूच असतं आपलं. तो समोर बसला की कुठे बघावं तेच कळत नाही. म्हणून नुसता वल्हवतो.

मुंगी: म्हणजे मी नसले की बोट पळते.

दादा: असं मी म्हटलं नाही.

मुंगी: मी म्हटलं. तू फक्त मान हलवलीस.

दादा: मुंगे, ऐक. तू कॅप्टन आहेस. चाचणी परत घे. सांग की वारा बदलला. मास्तर काही बोलणार नाहीत, त्यांना घरी जायची घाई असते. परत घेतलीस ना, तर पिसूच्या फेरीला मी जरा दमेन. वळणावर वल्हं पाण्यात थोडं अडकेल. कोणाला कळायचं नाही. माझ्या लयीवर मागचे सात जण चालतात, मी मंद झालो की बोट मंद.

मुंगी: तू हे माझ्यासाठी करशील?

दादा: बहीण आहेस तू माझी. तेव्हा मी चुकलो. आता भरून काढतो.

मुंगी: गंमत आहे तुझी. आधी माझी जागा विकलीस, आता तीच चोरून आणून देतोयस. दादा, तुला मला सरळ हातानं काही देताच येत नाही का?

दादा: सरळ हातानं देण्यासारखं आहे काय माझ्याकडे? कॅप्टन तू झालीस.

मुंगी: वल्हं आहे. ते नीट मार.

दादा: आणि तू काय करणार? तुला दुसऱ्या बोटीवर जाता येईल.

मुंगी: दुसऱ्या बोटीवर सुकाणूच्या चाचणीत तो चष्मेवाला पोरगा पहिला आला. तिथे मी उतरलेच नव्हते. एका माणसानं दोन बोटींची चाचणी द्यायची नाही, असं मीच ठरवलं होतं.

दादा: म्हणजे पूर्ण हंगाम तुला बोटच नाही?

मुंगी: नाही.

दादा: कॅप्टन आणि बोट नाही. असं आजवर कधी झालं नाही क्लबात.

मुंगी: कॉक्स कॅप्टन झालेलाही आजवर कोणी नव्हता. चल, नावं वाचते. आठ नंबरला तूच आहेस. मेहरबानी नाही ती. तुझ्याइतकी सारखी लय कोणाची आली नाही.

दादा: खरं सांगतेस?

मुंगी: तुला बरं वाटावं म्हणून मी कधी काही बोललेय का?

*

पिसू: ताई, हा बोटीत बोलायचा माइक माझ्या डोक्यावरून घसरतोय.

मुंगी: पट्टा मागून ओढ. अजून. मला तो घट्ट व्हायचा, तुला सैल होतोय. डोकं कुठे ठेवतोस रे तू?

पिसू: तुम्ही माझ्यावर चिडला नाहीत ना?

मुंगी: पाच मिनिटांत पाचव्यांदा विचारलंस. आता चिडेन.

पिसू: मला आतून बरं वाटतंय आणि वाईटही वाटतंय. दोन्ही एकदम.

मुंगी: ज्याला एकच वाटतं तो वळण चुकतो. सुकाणूची दोरी दोन्ही हातांत सारखी धर. पुलाकडे आज खांबाच्या इतकं जवळ जाऊ नकोस. चाचणीत गेलास ते ठीक. रोज गेलास तर एक दिवस खांब जिंकेल.

पिसू: बरं. ताई, निघताना तुम्ही काय म्हणायचात?

मुंगी: "सगळे तयार?" म्हणायचे.

पिसू: आणि कोणी नाही म्हटलं तर?

मुंगी: उत्तराची वाट बघायची नाही. मी कधीच बघितली नाही.

दादा: ए मुंगे, तू किती वेळ अशी धक्क्यावर बसणारेस? गार आहे. जा वर, चहा घे.

मुंगी: बोट धक्क्यापासून कोणीतरी ढकलायला हवी ना.

दादा: सात नंबर ढकलेल वल्ह्यानं.

मुंगी: त्याचं वल्हं घासलं जातं. मी आहे ना इथे.

दादा: मुंगे.

मुंगी: काय?

दादा: मी बघू कुठे?

मुंगी: तुझ्यासमोर तो बसलाय, त्याच्याकडे बघ. त्याच्याशी भांडू नकोस, त्याला उत्तर द्यायला येत नाही.

पिसू: येतं मला.

मुंगी: बघ. येतं त्याला.

पिसू: सगळे तयार?

दादा: थांब जरा, मुंगे, मला काय म्हणायचंय...

मुंगी: वल्हं आत घे, दादा. ढकलतेय.